हाली, कलदार आणि दोन अज्ञात संख्या
नाण्यांच्या उदाहरणांतून एकसामयिक समीकरणांची ओळख

हैदराबाद येथील टांकसाळीत पाडलेले नाणे ओळखण्याची खूण सोपी आहे. नाण्यावरील सालाच्या खाली लहानसा तारा दिसला म्हणजे ते नाणे हैदराबादचे समजावे. मुंबईच्या नाण्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते, नोएडाच्या नाण्यावर बिंदू असतो आणि कोलकात्याच्या नाण्यावर कोणतीही खूण नसते. गावातील दुकानदाराच्या गल्ल्यात या चारही टांकसाळींची नाणी एकत्र नांदत असतात. ती मोजली जातात, त्यांच्या थप्प्या लावल्या जातात आणि संध्याकाळी त्यांचा हिशेब वहीत चढतो.

नाणे ही अशी वस्तू आहे की, तिच्या अंगी एकाच वेळी दोन मोजमापे असतात. ती नग म्हणून मोजता येते आणि किंमत म्हणूनही मोजता येते. या दोन मोजमापांतूनच बीजगणितातील एक अत्यंत उपयुक्त प्रकरण उभे राहते. ते म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणे होत. महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या गणिताचा आरंभ याच प्रकरणाने होतो. अनेक विद्यार्थ्यांना समीकरणे सोडविता येतात, परंतु शाब्दिक उदाहरण समोर आले की समीकरण मांडता येत नाही, असा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. ही मांडणी कशी करावी आणि तिचा व्यवहारात उपयोग काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी हैदराबाद संस्थानाच्या चलनाइतके बोलके उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

हैदराबादची टांकसाळ

तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये हैदराबादेत सरकारी टांकसाळ स्थापन झाली. १९०३ मध्ये ती सैफाबाद येथील नव्या इमारतीत गेली. तेथे यंत्रांवर नाणी पाडली जाऊ लागली व त्या नाण्यांवर चारमिनारची आकृती झळकू लागली. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५० मध्ये ही टांकसाळ भारत सरकारच्या ताब्यात आली. १९९७ मध्ये नाणी पाडण्याचे काम शहराबाहेरील चेर्लापल्ली येथे हलविण्यात आले आणि सैफाबादच्या जुन्या वास्तूत २०२२ मध्ये नाण्यांचे संग्रहालय सुरू झाले.

आजच्या मराठवाड्याचा या टांकसाळीशी असलेला संबंध दूरचा नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे त्या वेळचे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. (औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव असे झाले आहे.) १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. तत्पूर्वी कित्येक पिढ्या मराठवाड्यातील शेतसारा, मजुरी आणि सावकाराचे व्याज यांचा हिशेब हैदराबादच्या रुपयांत होत असे.

एक रुपया, दोन किमती

या रुपयास लोक हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे हल्लीचा, चालू असलेला. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात त्यास उस्मानिया सिक्का असेही नाव होते. संस्थानाच्या सीमेपलीकडे, म्हणजे वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूर या भागांत, ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया चाले. त्यास कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र आणि कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. दोन्ही रुपयांचे सोळा आणे होत आणि दोन्ही ठिकाणी आण्याच्या बारा पै होत. एका रुपयाच्या १९२ पै हा कोठा दोहोंस सारखाच होता. किंमत मात्र सारखी नव्हती. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार रुपये असा दर होता. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मिळत, असे जे जुन्या कागदपत्रांतून आढळते, ते याच दराचे दुसरे रूप होय. ७०० भागिले ६ केले असता ११६ पूर्णांक दोन-तृतीयांश येतात आणि रुपयाचा दोन-तृतीयांश भाग म्हणजे १२८ पै, अर्थात १० आणे ८ पै होतात.

हा दर मनमानी नव्हता, हे नाण्यांतील चांदीवरून दिसून येते. उस्मानिया रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम होते आणि त्यात हजार भागांत ८१८ भाग शुद्ध चांदी होती. कलदार रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. गुणाकार केल्यास एका हाली रुपयात सुमारे ९.१४ ग्रॅम आणि एका कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम चांदी भरते. ७ हाली रुपयांतील चांदी सुमारे ६४ ग्रॅम आणि ६ कलदारांतील चांदीही सुमारे ६४ ग्रॅम! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्हीकडे चांदीचे प्रमाण घटविण्यात आले. परंतु ७ आणि ६ यांचे नाते टिकून राहिले. १९५० मध्ये भारतीय रुपया हैदराबादेत चालू झाला, तोही याच दराने. १९५१ नंतर हाली रुपया काढणे बंद झाले आणि १९५९ मध्ये तो कायद्याने चलनातून बाद झाला.

सीमेवरील गावांत दोन्ही नाणी हाती येत. बाजारात कापूस विकणाऱ्याच्या कमरेच्या कशात हाली आणि कलदार एकत्र असत. ज्यास या दोहोंतील नाते ठाऊक असे, तो सराफाचा बट्टा तपासून घेई. ज्यास ठाऊक नसे आणि जो ‘रुपयास रुपया’ हा हिशेब मान्य करी, त्याचे प्रत्येक कलदारामागे हाली रुपयाचा सहावा हिस्सा, म्हणजे २ आणे ८ पै इतके नुकसान ठरलेले असे. गणिताचे अज्ञान माणसास किती पैशांना पडते, याचे याहून रोखठोक उत्तर मिळणार नाही.

पहिले उदाहरण : पिशवीतील शंभर रुपये

समजा, त्या काळातील एका शेतकऱ्याजवळ हाली आणि कलदार मिळून १०० नाणी आहेत. सराफाने त्यांची एकूण किंमत हाली रुपयांत १०७ ठरविली आहे. तर पिशवीत हाली किती आणि कलदार किती?

येथे ठाऊक नसलेल्या गोष्टी दोन आहेत. त्यांस प्रथम नावे द्यावीत. हाली नाण्यांची संख्या क्ष मानू आणि कलदार नाण्यांची संख्या य मानू. उदाहरणात माहितीही दोनच मिळाल्या आहेत. एक माहिती नगांची आहे आणि दुसरी किमतीची.

नगांचे समीकरण :
क्ष + य = १००

किमतीचे समीकरण मांडताना प्रत्येक संज्ञा एकाच परिमाणात असली पाहिजे. येथे हाली रुपया हे परिमाण घेऊ. एका कलदाराची किंमत सात-षष्ठांश हाली रुपया आहे. म्हणून,
क्ष + (७/६)य = १०७

अपूर्णांक घालविण्यासाठी दुसऱ्या समीकरणास ६ ने गुणावे.
६क्ष + ७य = ६४२

पहिल्या समीकरणासही ६ ने गुणावे.
६क्ष + ६य = ६००

आता वरच्यातून खालचे वजा केले असता ६क्ष नाहीसे होते आणि य = ४२ उरते. एका चलास अशा रीतीने नाहीसे करण्याच्या या कृतीस लोप पद्धत म्हणतात. य = ४२ असल्यास क्ष = १०० − ४२ = ५८.

ताळा पाहू. ५८ हाली रुपयांची किंमत ५८. ४२ कलदारांची किंमत ४२ × ७ ÷ ६ = ४९. बेरीज १०७. उत्तर बरोबर आहे. याच पिशवीची किंमत ‘रुपयास रुपया’ या हिशेबाने शंभरच धरली गेली असती, तर शेतकऱ्याच्या पदरचे ७ रुपये गेले असते.

हेच उत्तर समीकरणाशिवायही काढता येते आणि गावातील जुनी मंडळी ते तसेच काढीत. पिशवीतील सर्व नाणी हालीच आहेत असे क्षणभर धरावे. मग किंमत १०० व्हावयास हवी. ती ७ ने अधिक आहे. एक हाली काढून त्या जागी एक कलदार ठेवला की किंमत एक-षष्ठांश रुपयाने वाढते. ७ रुपये वाढण्यासाठी असे ४२ बदल करावे लागतील. म्हणून कलदार ४२. या तोंडी रीतीत आणि लोप पद्धतीत तत्त्वतः काहीच अंतर नाही. ६क्ष + ६य = ६०० ही ओळ म्हणजे ‘सर्व नाणी हाली धरा’ हेच वाक्य होय, फक्त ते अक्षरांत लिहिलेले आहे. विद्यार्थ्यास हे एकदा उमगले म्हणजे वजाबाकी कशासाठी करावयाची, याचे कोडे त्यास उरत नाही.

भास्कराचार्यांचे दोन धनिक

अज्ञात संख्यांस नावे देण्याची कल्पना परकी नाही. भारतीय गणितज्ञ पहिल्या अज्ञात संख्येस ‘यावत्तावत्’ आणि त्यापुढील अज्ञातांस कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. म्हणूनच अनेक अज्ञातांच्या समीकरणास अनेकवर्ण समीकरण म्हटले गेले. आजच्या क्ष आणि य यांचे काम त्या काळी काळा आणि निळा रंग करीत होते.

१११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे ग्रंथ रचले. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखावरून असे दिसते की, त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. ‘लीलावती’च्या प्रारंभीच नाण्यांचे कोष्टक दिलेले आहे. २० वराटक म्हणजे कवड्या मिळून १ काकिणी, ४ काकिणी मिळून १ पण, १६ पण मिळून १ द्रम्म आणि १६ द्रम्म मिळून १ निष्क. चारांची आणि सोळांची ही गणती रुपयाचे सोळा आणे करणाऱ्या पिढ्यांना अगदी घरची वाटावी अशी आहे. एखादी गोष्ट ‘सोळा आणे खरी’ असे आजही म्हटले जाते.

‘बीजगणित’ ग्रंथात पैशांचे एक उदाहरण आहे. त्याचा आशय असा की, एक जण दुसऱ्यास म्हणतो, “मला शंभर दे, म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल.” दुसरा म्हणतो, “तू मला दहा दे, म्हणजे माझे धन तुझ्या सहापट होईल.” तर प्रत्येकाजवळ किती धन आहे?

पहिल्याचे धन क्ष आणि दुसऱ्याचे य मानू. शंभर दिल्यावर पहिल्याजवळ क्ष + १०० होतील आणि दुसऱ्याजवळ य − १०० उरतील. येथे घाईने मांडणी करणारा विद्यार्थी बहुधा चुकतो. देणाऱ्याचे धन कमी होते, हे तो विसरतो. योग्य मांडणी अशी :
क्ष + १०० = २(य − १००), म्हणजेच क्ष = २य − ३००
य + १० = ६(क्ष − १०), म्हणजेच य = ६क्ष − ७०

क्ष ची पहिल्या ओळीतील किंमत दुसऱ्या ओळीत ठेवावी.
य = ६(२य − ३००) − ७० = १२य − १८७०

यावरून ११य = १८७०, य = १७० आणि क्ष = ४०. ही प्रतिस्थापनाची रीत होय. ताळा : १४० हे ७० च्या दुप्पट आहेत आणि १८० हे ३० च्या सहापट आहेत.

दुसरे उदाहरण : बचत गटाची पिशवी

कोणी असा आक्षेप घेईल की, नाणी समोर असताना समीकरणे कशास हवीत? पाचाची एका बाजूस, दहाची दुसऱ्या बाजूस करून मोजली की झाले. हा आक्षेप रास्त आहे. नाणी हाती असतील, तर मोजणे हाच उत्तम मार्ग होय. परंतु हिशेबाची तपासणी बहुधा नाणी हातची गेल्यानंतर होते. रक्कम बँकेत भरली गेलेली असते आणि मागे केवळ वही उरते. अशा वेळी वहीतील दोन आकडे परस्परांशी जुळतात किंवा नाही, हे पाहण्याचे साधन बीजगणित पुरविते.

समजा, एका गावातील महिला बचत गटात ११ सभासद आहेत. त्या महिन्याची वर्गणी प्रत्येकी २५ रुपये असून ती सर्वांनी २ आणि ५ रुपयांच्या नाण्यांत दिली. वहीप्रमाणे एकूण रक्कम २७५ रुपये झाली. पिशवी सांभाळणाऱ्या सभासदाने नाणी मोजून वहीत ‘एकूण नाणी ९०’ अशी नोंद केली. पुढे कोणी तरी शंका काढली की, रक्कम पुरी नसावी. गावात अशी शंका एकदा निघाली की ती घरोघर जाते. वही लिहिणारी आणि पिशवी ठेवणारी या दोघी समोरासमोर येतात आणि गट मोडण्याची वेळ येते.

येथे दोन ओळींचे गणित करून पाहावे. दोन रुपयांची नाणी क्ष आणि पाच रुपयांची य मानल्यास,
क्ष + य = ९०
२क्ष + ५य = २७५

पहिल्यास २ ने गुणून वजाबाकी केली असता ३य = ९५ येते. ९५ ला ३ ने नि:शेष भाग जात नाही. य ची किंमत ३१ पूर्णांक दोन-तृतीयांश येते. नाण्याचा दोन-तृतीयांश तुकडा कोणाजवळ असू शकत नाही. तेव्हा ९० आणि २७५ हे दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असणे अशक्य आहे. दोहोंपैकी निदान एक चुकलेला आहे.

रक्कम सभासदांच्या नोंदीवरून आलेली आहे. नगांची संख्या पिशवीतून आलेली आहे. म्हणून प्रथम पिशवी पुन्हा तपासावी. शिवणीत अडकलेले एक नाणे निघाले आणि संख्या ९१ झाली, असे समजा. आता ३य = २७५ − १८२ = ९३, म्हणून य = ३१ आणि क्ष = ६०. ताळा : १२० आणि १५५ मिळून २७५. रक्कम पुरी आहे आणि शंकेचे निरसन झाले आहे.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, समीकरण चूक आहे एवढे सांगते. चूक कोणाची आणि कोणत्या हेतूने, हे ते सांगत नाही. ते शोधण्यासाठी वही आणि पिशवीकडेच परतावे लागते. तपासणी अधिकाऱ्याने अपूर्णांक उत्तर आले म्हणून कोणावर ठपका ठेवणे हे गणिताचा दुरुपयोग करण्यासारखे होईल. दुसरी गोष्ट ही की, पूर्णांक उत्तर येणे ही हिशेब शुद्ध असण्याची खूण आहे, पुरावा नाही. नाण्यांची संख्या चुकून ९४ लिहिली गेली असती, तरीही ३य = ८७ आणि य = २९ असे पूर्णांक उत्तर आले असते आणि चूक लपून राहिली असती. यास्तव पैसे भरतानाच प्रत्येक प्रकारच्या नाण्यांची संख्या स्वतंत्रपणे लिहून ठेवण्याची शिस्त सर्वांत उत्तम. बँकेच्या भरणा चिठ्ठीवर तसे रकाने याचसाठी असतात.

माहिती किती हवी?

अज्ञात संख्या दोन असतील तर समीकरणे दोन हवीत, आणि अज्ञात तीन असतील तर समीकरणे तीन हवीत, हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु समीकरणांची केवळ संख्या पुरेशी नसते. प्रत्येक समीकरणाने काही नवे सांगितले पाहिजे.

एका पेटीत ५, १० आणि २० रुपयांची मिळून २० नाणी असून एकूण रक्कम २०० रुपये आहे, असे धरू. नाण्यांच्या संख्या अनुक्रमे क्ष, य आणि ज्ञ मानल्यास,
क्ष + य + ज्ञ = २०
५क्ष + १०य + २०ज्ञ = २००

दुसऱ्यास ५ ने भागून पहिले वजा केले असता य + ३ज्ञ = २० मिळते. म्हणजे य = २० − ३ज्ञ आणि पहिल्या समीकरणावरून क्ष = २ज्ञ. वीस रुपयांची नाणी ० पासून ६ पर्यंत कितीही असू शकतात आणि प्रत्येक वेळी हिशेब जुळतो. अशी सात उत्तरे आहेत.

आता कोणी तिसरी माहिती दिली की, पाचाची नाणी विसाच्या नाण्यांच्या दुप्पट आहेत. ऐकताना असे वाटते की, तीन अज्ञातांस तीन गोष्टी मिळाल्या आणि प्रश्न सुटला. प्रत्यक्षात ही तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंतच दडलेली होती, कारण क्ष = २ज्ञ हे आधीच सिद्ध झालेले आहे. उत्तरे सातच राहतात. याउलट ‘दहाची नाणी ८ आहेत’ अशी माहिती मिळाली, तर ज्ञ = ४, क्ष = ८ असे एकच उत्तर निश्चित होते. अहवालात तीन परिच्छेद लिहिले म्हणजे तीन गोष्टी कळल्या असे होत नाही, हा धडा गणिताच्या वर्गाबाहेरही उपयोगी पडणारा आहे.

शिक्षकांसाठी काही सूचना

१. मांडणीपूर्वी फळ्यावर दोन स्तंभ आखावेत. एकावर ‘नग’ आणि दुसऱ्यावर ‘किंमत’ असे लिहावे. उदाहरणातील प्रत्येक आकडा कोणत्या स्तंभातील आहे, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे. नाण्यांच्या उदाहरणांतील बहुसंख्य चुका नग आणि किंमत यांची सरमिसळ झाल्याने होतात.

२. परिमाण एकच ठेवावे. एक रक्कम रुपयांत आणि दुसरी पैशांत घेतल्यास समीकरण चुकते. हाली आणि कलदार यांचे उदाहरण हे तत्त्व ठसविण्यास फार सोयीचे आहे. कारण तेथे दोन्ही नाण्यांचे नाव रुपया हेच आहे आणि किंमत मात्र वेगळी आहे.

३. जुन्या पुस्तकांतील उदाहरणे काळानुसार बदलून घ्यावीत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान चलन आले आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गळाला. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील नाणी चलनात नाहीत. आजच्या मुलाने चार आण्याचे नाणे हाताळलेले नसते. त्यास ५, १० आणि २० रुपयांच्या नाण्यांची उदाहरणे द्यावीत. वीस रुपयांच्या नाण्याच्या बारा बाजू मोजणे मुलांना आवडतेही.

४. नाणी नसल्यास चिंचोके आणि कवड्या घ्याव्यात. चिंचोका दोनाचा आणि कवडी पाचाची मानून मूठभर ढीग करावा. एका विद्यार्थ्याने नग सांगावेत, दुसऱ्याने किंमत सांगावी आणि ढीग न पाहिलेल्या तिसऱ्याने चिंचोके किती ते ओळखावे. वर्गातील अबोल मूलही या खेळात पुढे येते.

५. ताळा केल्यावाचून उदाहरण पूर्ण मानू नये. ताळा मूळ शाब्दिक वाक्यांत करावा, स्वतः मांडलेल्या समीकरणांत करू नये. समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर त्यातील ताळा चुकीच्या उत्तरासही बरोबर ठरवील.

६. घरातील वडीलधाऱ्यांकडे जुना हाली रुपया किंवा जुन्या हिशेबाची वही असल्यास मुलांनी ती पाहावी आणि तिच्यातील आणे-पैची एक तरी बेरीज करून पाहावी. सहलीनिमित्त हैदराबादेस जाणे झाल्यास चारमिनार आणि गोवळकोंड्याबरोबर सैफाबादचे नाणे संग्रहालयही सहलीच्या कार्यक्रमात घ्यावे.

सरावासाठी

अ) एका दानपेटीत ५ आणि २० रुपयांची मिळून ६४ नाणी असून रक्कम ७२५ रुपये आहे. प्रत्येक प्रकारची नाणी किती?

आ) हाली आणि कलदार मिळून १५० रुपये आहेत. त्यांची हाली रुपयांत किंमत १६२ आहे. कलदार किती?

इ) एका नोंदवहीत २ आणि १० रुपयांची मिळून ७५ नाणी, रक्कम ४३३ रुपये अशी नोंद आहे. समीकरण न सोडविता ही नोंद चूक कशी म्हणता येईल?

उत्तरे : अ) पाचाची ३७, विसाची २७. आ) कलदार ७२, हाली ७८. इ) दोन्ही नाण्यांच्या किमती सम आहेत. सम संख्यांची बेरीज समच येते आणि ४३३ ही विषम संख्या आहे.

हाली रुपया जाऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला. सराफाच्या दुकानासमोर पिशवी सोडून उभा राहिलेला शेतकरीही आता नाही. त्याचे नातू-पणतू मात्र बचत गटात, पतपेढीत, पाणीपट्टीच्या खिडकीपाशी आणि शाळेच्या सहलीची वर्गणी गोळा करताना रोज दुसऱ्यांचे पैसे मोजीत असतात. दोन ओळींचे हे समीकरण त्यांनी शाळेतच आत्मसात केले, तर आपल्या हिशेबाबद्दल कोणी शंका घेतल्यास वही उघडून उत्तर देणे त्यांना शक्य होईल.